मामाचा दुसरा भाग

ट्रकच्या मागं बाहेर आलेल्या सळयांना लाल फडकं बांधलेलं नव्हतं. हे मी सगळ्यात आधी सांगते, कारण नंतर यमापासून सिनेमापर्यंत सगळ्यांची नावं घेतली गेली, फडक्याचं कुणी घेतलं नाही. जालना रोडवर शेंद्र्याच्या अलीकडं सळयांनी भरलेला एक ट्रक बंद पडून रस्त्यावरच उभा होता. मागं दिवा नाही, खूण म्हणून झाडाची फांदीसुद्धा नाही. हिवाळ्यातली सकाळ, धुकं. करमाडहून औरंगाबादला निघालेली काळी-पिवळी जीप त्याच्यावर मागून गेली. सळया काच फोडून आत आल्या. ड्रायव्हर जागीच गेला. बाकीचे हातपाय मोडून वाचले.

त्या वेळेला, त्या जागी खरं तर माझ्या मामाची जीप असायला हवी होती. आणि मामाच्या शेजारी, पुढच्या सीटवर, मी.

करमाडच्या स्टँडवर जिपा नंबरानं सुटत. पहिली भरली की दुसरी लागायची. कुणाला मध्येच काम निघालं तर तो आपला नंबर मागच्याला द्यायचा आणि मागच्याचा आपण घ्यायचा. यात कुणाचे उपकार नाहीत, कुणाचं नुकसान नाही, रोजचा व्यवहार. त्या दिवशी मामाचा पहिला नंबर होता. सीटा भरत आल्या होत्या आणि माझ्या लक्षात आलं, पत्रकांचा गठ्ठा घरीच राहिला. आमच्या गटाची शहरात सभा होती आणि अंधश्रद्धेवरचं ते पत्रक मीच लिहिलं होतं. मी मामाला म्हटलं, "दहा मिनिटं थांबा ना." मामा हसला. मागच्या ड्रायव्हरला म्हणाला, "तू घे रे माझा नंबर. आमच्या पुढारीणबाईंचा दारूगोळा घरी राहिला." तो तरणा पोरगा होता, वर्षाभरापूर्वी जीप घेतलेला. त्यानं हात वर केला, मामाचे पॅसेंजर आपल्या जिपेत घेतले आणि निघून गेला.

मामाचं आणि माझं नातं सांगायला हवं. बारावीनंतर आईनं माझं लग्न ठरवलं होतं. मी नाही म्हटलं. अजिंठ्याच्या आमच्या घरात तेव्हा जे झालं ते झालं, पण तिथून मला आपल्या जिपेत घालून करमाडला आणणारा मामा होता. "शिकू दे तिला, अक्का," एवढंच तो माझ्या आईला म्हणाला. त्यावर आई म्हणाली, "आजपासून मला भाऊ नाही." पाच वर्षं ती त्याच्याशी बोलली नव्हती. भाऊबीजेला मामा अजिंठ्याला जायचा, दारासमोर जीप उभी करून अर्धा तास बसायचा आणि परत यायचा. मामी चिडायची. "तिथं जाऊन काय हारन वाजवता का?" मामा म्हणायचा, "हारन नाय वाजवत. दिसतो."

अपघातानंतर मामा त्या ड्रायव्हरच्या घरी गेला, मयताला खांदा दिला, दहाव्याला गेला, तेराव्याला गेला. जीप मात्र चालवेना. मी तोपर्यंत अपघातावर पत्रक छापून मोकळी झाले होते. 'हा अपघात नव्हे, हा निष्काळजीपणा!' असा ठळक मथळा. ट्रक उभा करणारे, सळया तशा भरू देणारे, रस्त्यावर गस्त न घालणारे, सगळ्यांना मी धुतलं होतं. स्टँडवर वाटलं. एक ड्रायव्हर म्हणाला, "ताई, अजून द्या चार. कागद लई चांगला हाय, काच लख्ख निघती." मी त्याच्याशी भांडले. त्यानं माझ्यासमोर काच पुसून दाखवली.

मामाचा एक जोडीदार होता, खुलताबादकडचा, त्याच रूटवर जीप चालवणारा. त्याला मामाचं घरात बसणं बघवेना. एक दिवस दुपारी आला. "क्या मामू, कब तक घर में बैठेंगे? चलो, पिच्चर देखके आएंगे. फायटिंग का है. इंग्लिश है, मगर हिंदी में बोलते." पोस्टरवर पूल होता आणि पुलावरून खाली येणारी बस. त्यांना वाटलं, मारामारीचं चित्र. ड्रायव्हर लोक बस बघून तिकीट काढतात.

ते भुताचं चित्र होतं. बरं, नुसतं भुताचं असतं तरी परवडलं असतं. तो कुठल्याशा सिनेमाचा दुसरा भाग होता. पहिल्या भागात काही माणसं ऐनवेळी बसमधून उतरतात, पूल कोसळतो, आणि ती वाचतात. दुसऱ्या भागात कळतं की ती वाचलेली नाहीतच. बसमध्ये जो ज्या सीटवर बसला होता, त्या क्रमानं मरण एकेकाला शोधत येतं. ती हुलकावण्या देतात, दारं लावून बसतात, पळून जातात, आणि मरण पाठ सोडत नाही.

जोडीदार बिचारा मध्यंतरातच म्हणाला, "मामू, उठो, ये अपने काम का नै है." मामा उठला नाही. शेवटपर्यंत बसला आणि घरी येऊन ओसरीवर भिंतीला टेकला तो टेकलाच.

मी संध्याकाळी आले तेव्हा मामी म्हणाली, "बघ बाई तुझ्या मामाला. सिनिमा बघून आलेत."

"काय झालं मामा?"

"पहिल्या भागात वाचला होता ना एक जण," मामा म्हणाला, "तो दुसऱ्या भागात धा मिनटांत गेला."

"सिनेमा आहे तो."

"नंबर देता येतो पोरी, मोडता येत नाय. मी दिला. माझा अजून बाकी हाय. आपला हा दुसरा भाग चालू झालाय."

मी काय केलं असेल? भाषण केलं. दोन तास. लोक काळजात हात घालून पैसे कमावतात, तुम्हाला भीती विकतात, मरणाला डोकं नसतं, त्याला रांग कळत नाही, तिथं फडकं असतं तर तो पोरगा आज जेवत असता. एकही वाक्य खोटं नव्हतं. मामानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तू उद्यापासून एसटीनं जा. जिपेत पुढं बसत जाऊ नको."

आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले. मामा दाढी करेना. विहिरीकडं जाईना. गॅसच्या टाकीपासून लांब बसायचा, पंख्याखाली बसायचा नाही. जेवताना घास इतका बारीक चावायचा की आमची जेवणं होऊन ताटं उचलली तरी त्याची पहिलीच भाकर चालू असायची. जीप दारात उभी, टपावर धूळ. मामी रोज तिच्या काचांना फडकं मारायची आणि रोज माझ्याकडं बघायची. तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण गठ्ठा कुणाचा होता हे त्या घरात तिघांनाही माहीत होतं.

मी ठरवलं, सिनेमाच बघायचा आणि त्यातला खोटेपणा मामाला एकेक करून दाखवायचा. मामी म्हणाली, "मी पण येते. मला पण कळू दे काय बघून आला माझा माणूस."

बाराच्या खेळाला आम्ही दोघी गेलो. बाकी सगळी कॉलेजची पोरं. मामी पडद्याशी बोलायला लागली. "आगं, शेगडी चालू हाय! वास येईना व्हय हिला?" "शिडी हलती बाबा, उतर खाली." मागून एक पोरगा म्हणाला, "मावशी, जोरात सांगा, त्यांना मराठी येत नाही." मामी वळली. "तू हसू नको. मेला तर कुणी पाणी पाजणार नाय त्याला." सगळं थिएटर हसलं. मी वहीत चुका टिपत होते. वायर अशी तुटत नाही. काच अशी पडत नाही. अकरा चुका काढल्या.

बाहेर आल्यावर मामी उसाच्या रसाच्या गाडीवर बाकड्यावर बसली. अर्धा ग्लास रस प्याली. मग म्हणाली, "एक बघितलं का तू? एवढी माणसं मेली, पण कुणी रडलं का?"

"रडले की. काळे कपडे घालून उभे होते."

"उभं ऱ्हाणं म्हंजी रडणं नाय. ना आई, ना बहीण, ना कुणी ऊर बडवला. मरण येतं ते रडणं घ्यायला येतं. मिळालं नाय की परत येतं." तिनं ग्लास खाली ठेवला. "आपल्यात हाय की याला उपाय."

मला लगेच कळलं. कळायलाच हवं होतं. घरी विसरलेल्या त्या पत्रकात तिसरा मुद्दा तोच होता. डोक्याला कावळा शिवला की माणसाचं मरण जवळ आलं असं मानतात, आणि ते टाळायला तो मेला अशी खोटी बातमी नातेवाइकांना धाडतात. नातेवाईक खरं समजून रडतात. रडणं झालं की मरण फसलं. मग दुसरा निरोप जातो, खोटं होतं, साखर खा. मी त्यावर लिहिलं होतं, 'जिवंत माणसाच्या मरणाची बातमी ऐकून एखादा म्हातारा जीव गेला तर जबाबदार कोण?'

"मामी, त्यांना कावळा शिवलेला नाही."

"ट्रक शिवलाय."

"मी हे करणार नाही."

"तूच करायचं. मी सांगितलं तर अक्का म्हणंल, भावजय नाटकं करती. तू आपल्या आईला फोन कर. तू खोटं बोलत नाय हे साऱ्या खानदानाला ठावं हाय. लग्नाच्या वेळी तोंडावर बोललीस तवापासून."

मी नाही म्हटलं. बसमध्ये सगळ्या रस्त्यानं नाही म्हटलं. मामी माझ्या प्रत्येक मुद्द्याला मान डोलवत होती, आणि बस शेंद्र्याजवळ आली तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

घरी येऊन मी मामासमोर वही उघडली. अकरा चुका वाचून दाखवल्या. मामा म्हणाला, "व्हय, तार तशी नाय तुटत, मला पण वाटलं."

"मग भिता कशाला?"

"मरायला भेत नाय मी."

"मग?"

मामानं मामी आत आहे का बघितलं. "त्या पोराची माय माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणली, माझ्या लेकाच्या जागी आता तूच. पोरी, मी त्याच्या जागी नाय. तो माझ्या जागी गेला. ते रडणं माझ्या नावाचं व्हतं. मी दुसऱ्याच्या दारात उभा ऱ्हाऊन माझं रडणं ऐकलं. आता माझ्यासाठी कोण रडायचं ऱ्हायलंय? अक्का तर बघत पण नाय."

मी वही मिटली आणि आत जाऊन मामीला हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टँडजवळच्या एसटीडी बूथवर गेले. अजिंठ्याला आमच्या घराशेजारी किराणा दुकान आहे, तिथला नंबर लावला. दुकानदारानं हाक मारून आईला बोलावलं. मी वाक्य पाठ करून गेले होते. आईचा "हॅलो" आला आणि मला एक अक्षर फुटेना. रडूच आलं. आई म्हणाली, "कोण? तू व्हय? बोल की. काय झालं? कामून रडती?" मग तिचा आवाज बदलला. "माझा भाऊ गेला का?"

मी म्हटलं, "हो."

फोन तिच्या हातून पडला असावा. खाली लोंबकळत असावा. मला दुकानातला सगळा आवाज येत होता. पाच वर्षं ज्याचं नाव घेतलं नाही त्याचं नाव घेऊन ती रडत होती. लहानपणी तापात त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं ते सांगत होती. दारात जीप लावून बसायचा, मी पडद्याआडून बघायचे रे, पाणी दिलं नाही रे तुला, असं म्हणत होती. मला "आई, खोटं आहे" ओरडायचं होतं. मामीनं बजावलं होतं, रडणं पुरं होऊ दे. मी फोन ठेवला. बूथवाला काचेतून बघत होता. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि विचारलं, "घरात कुणी वारलं का?" मी नाही म्हटलं, आणि तेव्हा पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

अर्ध्या तासानं परत फोन लावला. दुकानदार म्हणाला, "आगं, तुझी आई निघाली की! गाडी करून. तुझे चुलते, शेजारचे, आठ-नऊ जण हायेत. हार पण घेतलाय." तेव्हा मोबाइल कुणाकडं होता? त्यांना वाटेत गाठायची सोय नव्हती.

मी पळत घरी आले आणि मामाला सगळं सांगितलं. मला वाटलं तो मारेल. तो म्हणाला, "अक्का रडली?"

"रडली."

"काय म्हणली?"

जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. पडद्याचं सांगितलं. मामा उठला, स्वतः बादली भरली, विहिरीवरूनच. दाढी केली. आंघोळ केली.

चारच्या सुमारास वळणावरून रडण्याचा आवाज आला. गाडी थांबायच्या आत आई खाली उतरली, "माझ्या पाठच्या रे!" म्हणत, पदर जमिनीवर लोळत. गल्ली गोळा झाली. गल्लीला काहीच माहीत नव्हतं, बायका घाबरून दारात आल्या. आणि ओसरीवर मामा उभा, खांद्यावर पंचा, केसांतून पाणी गळतंय.

आईचं रडणं मध्येच तुटलं. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग ती माझ्याकडं वळली आणि एक अशी ठेवून दिली की माझा चष्मा तुळशीपाशी गेला.

"तू? तू खोटं बोललीस?"

"हो."

"एक खरं बोलणारी व्हती घरात, ती पण गेली!" मग मामाकडं. त्यालाही एक दिली. मग त्याच गालाला हात लावून बघितला. मामी साखरेचा डबा घेऊन धावली आणि आईच्या तोंडात, माझ्या तोंडात, हार घेऊन उभ्या असलेल्या चुलत्याच्या तोंडात चिमूट चिमूट कोंबत सुटली. चुलता म्हणाला, "अवं, या हाराचं काय करू?" कुणीतरी म्हणालं, "घाला की आता त्याच्याच गळ्यात, आणलाय तर!" आई कडाडली, "हात तर लाव!"

मी आजही म्हणते की मी चूक केली. नऊ माणसं त्या गाडीत कोंबून, घाईनं, रडत, त्याच रस्त्यानं आली होती. वाटेत काही झालं असतं तर? कुणाचं हृदय बंद पडलं असतं तर? पुढच्या बैठकीत मी गटासमोर सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून ते पत्रक काढून घेतलं आणि वर्षभर मला लिहायला दिलं नाही. बरोबर केलं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. त्या प्रथेबद्दल माझं मत बदललेलं नाही. ती बंद व्हायला पाहिजे. पण मामाला रडण्यातला आपला बाकी राहिलेला वाटा हवा होता आणि तो त्याला कुठल्या मार्गानं मिळायला हवा होता, हे मला तेव्हा सुचलं नाही, हेही खरं.

चहा झाला. आलेली मंडळी परत निघाली. गाडीत जागा होती, पण आई बसेना.

"मी नाय यांच्यासंगं जायची. ज्याच्यासाठी आले त्यानं नेऊन सोडायचं."

मामा म्हणाला, "अक्का, मी गाडी सोडली."

"कामून?"

मामानं सांगितलं. नंबराचं, पोराचं, सिनेमाचं, पहिल्या भागाचं आणि दुसऱ्या भागाचं. आईनं आयुष्यात चार सिनेमे बघितले असतील, तेही देवाचे. सगळं ऐकून ती म्हणाली, "त्या लेकराच्या मायचं तू बघ. जात जा तिच्याकडं, लेकासारखं कर. ते वेगळं. पण तुझं मयत झालंय. मी केलंय. अजिंठ्यापासून इथवर सगळ्यांना ठावं हाय. आता उठ."

मामा बसूनच राहिला. आई जाऊन जिपेत बसली. पुढच्या सीटवर, धुळीत, पदर सावरून. दहा मिनिटं बसली असेल. शेवटी मामी आत गेली, किल्ली आणून मामाच्या मांडीवर ठेवली आणि भांडी घासायला निघून गेली.

मी मागं बसले. जीप तिसऱ्यांदा सेल्फ मारल्यावर सुरू झाली. शेंद्र्यापाशी मामानं ती इतकी हळू केली की सायकलवाले पुढं गेले. ट्रक कधीच हललेला होता, रस्त्यावर काचेचा बारीक चुरा तेवढा राहिला होता. आई समोर बघत म्हणाली, "लवकर पोचलं पाहिजे. म्हैस वरडत आसंल." त्यानं गिअर बदलला.

चिकलठाणा गेलं, शहर ओलांडलं, हर्सूलच्या नाक्यावर बोचकं घेतलेल्या दोन बायकांनी हात केला. मामानं बघितलं, न बघितल्यासारखं केलं, आणि मग त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मान बाहेर काढून त्यानं विचारलं, "कुठं?"

"सिल्लोड."

"बसा. मागं. नाय, एक पुढं या. अक्का, सरक जरा."

"मयताला आलेली बाई मी," आई म्हणाली, "आणि मला सरक म्हणतो!"

आणि ती सरकली.